पाखरीच्या अंगाचा वास

पाखरीच्या अंगाला वास येतो, हे हैबतीला फाल्गुनातच कळलं होतं. पण त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

घोड्याच्या अंगाला वास असतोच. घामाचा, गवताचा, थोडा लिदीचा. तो वास हैबतीला आवडायचा. हा मात्र निराळा होता. ओली घोंगडी गोणीत कोंबून आठ दिवसांनी बाहेर काढावी तसा आंबूस, आणि त्याच्या खाली काहीतरी कुजल्यासारखा. त्यानं घोडीला ओढ्यावर नेऊन धुतलं, उन्हात उभं केलं, लिंबाच्या पाल्याची धुरी दिली. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर.

पाखरी तेवीस वर्षांची, बुटकी, तांबडी घोडी. विंझर गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर धनगरांचा पाच-सहा घरांचा वाडा आहे, त्यातलं एक घर हैबतीचं. मेंढरं खाली निघाली की सगळा संसार पाखरीच्या पाठीवर असायचा. यंदा मुलगा आणि सून सामान टेम्पोत घालून सारोळ्याकडं शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायला गेले. वाड्यावर राहिले हैबती, त्याची बायको सोजराबाई, बारा वर्षांची नात दिपाली आणि ही म्हातारी घोडी.

दरवर्षी होळीच्या सुमाराला तिचे हिवाळ्यातले केस पुंजक्यापुंजक्यानं गळून पडायचे. गेली दोन वर्षं ते गळलेच नाहीत. चैत्र सरत आला तरी चार-चार बोटं लांब, कुरळे केस अंगावर तसेच. सावलीत उभी असली तरी पोटाखालून घाम ठिबकायचा. घागरभर पाणी पिऊन ती पुन्हा रिकाम्या बादलीकडं बघत राही.

वाड्यावर मागं राहिलेल्या शेळ्यांना लस टोचायला शेफाली मॅडम वाड्यावर आल्या. जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी पाखरीला पाहिलं, केस दोन्ही हातांनी बाजूला केले आणि बोटांचा वास घेतला.

"आबा, किती दिवस झाले?"

"झालं की आता दोन म्हयनं."

"म्हातारपणी काही घोड्यांच्या मेंदूतली एक ग्रंथी बिघडते. मग अंगाला ऋतू कळत नाही. केस गळत नाहीत, घाम आत मुरतो, कातडी कुजते. तोच हा वास. पुढच्या खेपेला मी रक्त तपासायला नेईन. तसंच निघालं तर रोज गोळी द्यावी लागेल. पूर्ण बरी नाही होणार, पण सुखानं जगेल. त्याआधी हे केस काढा, आजच. जखमेवर माशी बसली तर किडे पडतील." मग त्या हसल्या. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा! मेंढरू कातरावं तर हैबतीबाबांनी, असं सगळे म्हणतात."

हैबती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. शेवटी सोजराबाई दारातून म्हणाली, "नवस हाय, मॅडम."

दिपाली दोन वर्षांची असताना तिला तापात झटके आले होते. नऊ दिवस ती पुण्याला दवाखान्यात होती. हैबती बिरोबाच्या ठाण्यापुढं उभा राहून बोलून गेला होता, 'पोर घरी येऊ दे. पाखरी तुझी. हिच्या अंगाला लोखंड लागणार न्हाई.' पोर घरी आली. त्याच दिवशी त्यानं घोडीचे नाल उपटून टाकले. कातर तर कधी लावायची वेळच आली नाही. केस आपले आपण गळत होते. नवस पाळायला फार सोपा होता.

मॅडमनी पिशवीतून एक बाटली काढली. "देव रागावेल की नाही, ते मला नाही सांगता यायचं, आबा. मला कातडी दिसते, तेवढंच सांगते." ते धुवायचं औषध ठेवून त्या डोंगर उतरल्या.

हैबतीनं दिपालीला हाक मारली. "दिपे, मार्गासनीला आत्याकडं जा दोन दिस."

"आत्ता? मला का हाकलताय?"

"जा म्हणतो न्हवं!"

पोर फणफणत खाली गेली. मग हैबती पाखरीजवळ बसला. लोखंड नको, तर हातानं उपटू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पहिला पुंजका ओढला. केसांबरोबर कातडीचा ओला पापुद्रा निघून आला आणि खाली लालभडक मांस दिसलं. पाखरी हलली नाही. फक्त मानेची कातडी थरथरली. तिला बांधलेलंही नव्हतं. पण दावं नसलं तरी ती जाणार कुठं? स्वतःच्या अंगातून बाहेर कशी पडणार?

हैबती उठला आणि वळचणीची कातर घेऊन आला. सोजराबाईनं ती पाहिली आणि दारात पाठ फिरवून बसली.

"तू काय म्हणतीस?"

"म्या काय म्हणू? नवस बोलला तुमी, कातरा बी तुमीच."

त्यानं पाखरीच्या खांद्यावर कातर टेकवली. पहिला पट्टा निघाला, आणि वासाचा असा भपकारा आला की त्यानं तोंड फिरवलं. समोर दिपाली उभी होती.

"एसटी गेली," ती म्हणाली. मग तिची नजर कातरीवर गेली. नवसाची गोष्ट तिला पाठ होती. "आबा! यासाठी मला धाडत व्हता व्हय? मार्गासनी काय देवाला ठावं न्हाई?"

हैबतीला हसूही येईना. "घरात जा, पोरी."

ती गेली नाही. तिनं पाखरीचं तोंड छातीशी धरलं आणि म्हणाली, "मानेजवळ सावकाश. तिथं तिला दुखतंय."

ऊन कलेपर्यंत कातर चालली. केसांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. आतून निघालेली घोडी एवढीशी, हाडकुळी, जागोजाग सोललेली होती. औषधानं धुतल्यावर वाऱ्याची झुळूक आली. पाखरीनं अंग झाडलं आणि बऱ्याच दिवसांनी गवताला तोंड लावलं.

दिपाली चुलीपुढं बसली, तेव्हा हैबतीनं तिच्या कपाळाला हात लावला. थंड होतं. भाकरी खाताना पुन्हा लावला. ती भांडी घासायला बसली, तेव्हा तिसऱ्यांदा.

"आबा, आता पुरे," दिपाली नाक मुरडत म्हणाली. "आधी हात धुवून या. पाखरीचा वास येतोय."

तो उठून रांजणाशी गेला. हात धुतले, राखेनं घासले, पुन्हा धुतले. मग नाकाशी नेऊन पाहिले, आणि पुन्हा राख घेतली.