दादाच्या वजनाची गाडी

रविवारी ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर लाल मोटरसायकलचं मागचं चाक उसळलं आणि त्याने तिला सीटवरून वीतभर वर फेकलं. पडली नाही, हे नशीब आणि मांड्यांची ताकद. परत आली, तर दादा कठड्याला टेकून म्हणतो कसा, "हात जड आहे तुझा. गाडीचा काही दोष नाही."

दादा तिथून उंटावरून शेळ्याच हाकणार. कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून वहिनीने त्याच्या शर्यती बंद केल्या होत्या. पण गॅरेज त्याचं, आणि तिला गाड्यांतलं जे काही कळत होतं ते त्यानेच शिकवलेलं. म्हणून तर तिने निवड त्याच्यावर सोडली. एकच गाडी हवी होती, रोज दवाखान्यात जायला आणि रविवारी ट्रॅकवर पळवायला. त्याने दोन वापरलेल्या गाड्या आठवडाभराच्या बोलीवर आणल्या. सोमवारी एक ठेवायची, एक परत करायची. निळीचं हँडल उंच, बसणं सरळ. लालवर बसायचं म्हणजे मनगटांवर भार टाकून टाकीवर ओणवंच व्हायचं. "निळी भाजी आणायला बरी," म्हणून दादाने विषय संपवला.

तिचं काम प्लास्टर घालायचं, म्हणजे सगळा खेळ मनगटांचा. लालवरून जायला लागल्यावर चौथ्या दिवशी एका आजोबांच्या पायावर ओली पट्टी गुंडाळताना तिचे अंगठे बधिर झाले. हात फिरेपर्यंत प्लास्टर घट्ट. कापून पुन्हा घालावं लागलं, आणि आजोबाच बिचारे तिला धीर देत बसले. दादा म्हणाला, "सवय होईल." शुक्रवारी ती हट्टाने निळीवर गेली, तर हात दिवसभर हलके.

सोमवारी सकाळी तिने गॅरेजमधल्या रंगाऱ्याच्या हातात टेप दिला. लाल गाडीच्या मागच्या चाकापासून शेपटीपर्यंत माप घ्यायला लावलं आणि भिंतीला हात टेकून स्वतः वर बसली. माणूस बसला की गाडी दोन बोटं दबली पाहिजे, हे दादाचंच शिकवणं. गाडी केसभरही दबली नाही. तेवढ्यात दादा आला.

"तू बस," ती म्हणाली.

दादा बसला. बरोबर दोन बोटं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या चाकाची स्प्रिंग दादाच्या नव्वद किलोंसाठी आवळलेली होती; तिच्या वजनाला ती दबणार कशी, उसळणारच.

"तू न्यायच्या आधी रोज पहाटे एक चक्कर मारायचो," दादा पुटपुटला. "सैल करायची राहून गेली."

"राहून गेली? आणि वर हात माझा जड? हौस तुझी, हाडं माझी?"

रंगारी टेप गुंडाळत बाहेर सटकला.

"तू चालवशील, मी बघेन, एवढंच होतं गं मनात."

एरवी ती विरघळली असती. आज नाही. "मग माझ्याकडे बघायचंस ना! तू गाडीकडेच बघत होतास. निळी ठेवायची. रस्त्यालाही आणि ट्रॅकलाही."

"ट्रॅकवर मागे राहशील."

"राहीन."

दादा पाना घेऊन निळीपाशी उकिडवा बसला आणि हाताच्या सवयीने स्प्रिंग आवळू लागला.

"कोणासाठी आवळतोयस?"

त्याचा हात थांबला. पंधरा वर्षं तिच्या गाड्या जुळवून देणाऱ्या भावाने पहिल्यांदा विचारलं, "तुझं वजन किती गं?"

तिने त्याच्या हातातून पाना काढून घेतला.

"पंचावन्न. सरक."