अख्ख्या आशियात एक नंबर

बेबीताईला पगारवाढ नाकारण्यासाठी नारायणरावांनी अख्खा आशिया खंड कामाला लावला, आणि त्याचा तक्ता करायला सांगितला मला.

बुलढाण्यातल्या त्यांच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. बेबीताई होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करायची. चार वर्षं तिचा पगार जागचा हलला नव्हता. तेल-डाळ मात्र थांबायला तयार नव्हती. शेवटी तिनं अर्ज दिला. संस्थेचे अध्यक्ष असलेल्या नारायणरावांनी मला बोलावलं.

"मॅडम, चार वर्षांची महागाई काढा. श्रीलंका, पाकिस्तान, शेजारपाजारचे सगळे घ्या. याईले जरा जग दाखवू."

आकडे असे कुणाच्या पोटावर पाय द्यायला वापरायचे, याची मला शिसारी आली. तरी तक्ता केला, देशागणिक महागाईचा एकेक खांब काढून. एक खांब मात्र न विचारता जास्तीचा घातला.

सभागृहात सगळे कर्मचारी जमले. पडद्यावर श्रीलंका-पाकिस्तानचे खांब उंचच उंच, त्यांच्यापुढे भारताचा बुटका. नारायणराव खुलले.

"पाह्य बेबीताई, तिकडं लोकं कसे मरून राह्यले! आपन सुखी आहो."

"मी काय लंकेतून तेल आनतो काय, साहेब?" बेबीताई म्हणाली.

मी शेवटचा खांब दाखवला. तो सगळ्यांच्या वर गेला होता.

"ही आपल्या मेसची फी, सर. याच चार वर्षांतली वाढ."

वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. कसला ओशाळतोय! त्यांनी खांबाकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

"वा मॅडम! म्हंजे अख्ख्या आशियात आपली संस्था एक नंबर!"

आणि ते लाचार सभागृह टाळ्या पिटत सुटलं. निर्लज्जम् सदा सुखी, दुसरं काय!

"अन् माहा पगार?" बेबीताईनं विचारलं.

त्याऐवजी तिचा सत्कार झाला. शाल मी लगेच ओळखली. गेल्या महिन्यात एका पाहुण्यांच्या खांद्यावर होती. ते विसरून गेले, म्हणून कपाटात परत आली. कोपऱ्यावरचा वरणाचा डागसुद्धा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी ती शाल मेसच्या दाराच्या कडीला बांधलेली सापडली. बेबीताई साखरखेर्ड्याला भावाकडे निघून गेली होती. पोरं उपाशी, पालकांचे फोनवर फोन. दुपारपर्यंत नवी बाई आली. बेबीताईनं मागितला होता त्याहून जास्त पगार तिनं सांगितला, आणि नारायणरावांनी हूं की चूं न करता कबूल केला.

"मग बेबीताईलाच का नाही दिला, सर?"

"बाजारभाव देनं वेगळं, मॅडम. घरच्या मानसानं मागितलं अन् देल्लं, तर बाकीच्याईले सवय लागते."

मग कडीची शाल सोडून त्यांनी माझ्या हातात दिली.

"कपाटात ठेवून द्या. शनिवारी पाहुने येऊन राह्यले."