जोब हॅलेटची आई

आपल्या भाच्याच्या, कॉलिनच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १९८५ च्या फेब्रुवारीत, थेल्मा ब्रेडनने न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदरातल्या एका स्वयंपाकघरात टेबलावर कागदाची गुंडाळी उलगडली आणि ती परत मिटू नये म्हणून एका टोकावर साखरेचा डबा आणि दुसऱ्यावर आपली पर्स ठेवली. भिंतीला चिकटवायचा तो कागद होता. त्याच्या कोऱ्या पाठीवर चौकोनच चौकोन आखलेले होते आणि प्रत्येक चौकोनात एक मेलेला माणूस होता.

शेगडीजवळच्या खुर्चीत ताउआ रिपेका विणत बसल्या होत्या. ताउआ म्हणजे इथल्या माओरी बोलीत आजी. रिपेकांना आता सगळं बंदरच आजी म्हणत असे. त्यांनी मान न हलवता कागदाकडे पाहिलं.

"एवढे सगळे? साथ आली होती का गं?"

"आई!" चहा ओतणारी त्यांची मुलगी टिनी म्हणाली.

थेल्मा हसली नाही. ती जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातून आली होती. आयुष्यभर तिने टोप्यांच्या दुकानात काम केलं, लग्न केलं नाही, आणि दुकान सुटल्यावर सगळा वेळ या चौकोनांना दिला. तिचा भाचा कॉलिन तिला गाडीने सोडायला आला होता आणि बाहेर गाडीतच बसून राहिला होता. तिने कागदाच्या मध्यावर बोट ठेवलं.

"हा जोब हॅलेट. माझ्या आजीचा आजोबा. कातड्यांसाठी सील प्राणी मारायला आलेल्या जहाजातून १८२९ साली पळाला आणि इथेच राहिला. इथे चूल बांधून राहणारा तो पहिल्या गोऱ्यांपैकी एक. हॅलेट खाडी त्याच्याच नावाची."

"खाडी त्याच्या आधीपासून होती," ताउआ म्हणाल्या.

"हो, म्हणजे, नाव."

"नावही होतं."

थेल्माने चहाचा घोट घेतला. चहा फार कढत होता, तरी तिने तो गिळला.

"त्याचं थडगं टेकडीवर आहे. लोखंडी कुंपण आहे. दर जानेवारीत आमच्या वंशजांच्या मंडळाचे लोक फुलं वाहतात. पण आत तो एकटाच आहे. त्याची बायको मेरी तिथे नाही. कुठल्याच स्मशानात नाही. मी वीसेक वर्षं शोधतेय. बंदरावर ज्याला विचारावं तो म्हणतो, रिपेकांना माहीत असेल, नाहीतर कुणालाच नाही."

"कुठली मेरी?" ताउआंनी सुई उलटी फिरवली. "पाद्र्याने एका सकाळी अर्ध्या किनाऱ्याच्या बायका पाण्यात उभ्या केल्या आणि सगळ्यांना मेरी करून टाकलं. आमच्याकडे मेऱ्या पोत्याने मिळतील."

"जोबची मेरी."

"तुला नवरा सापडला ना? पुष्कळ झालं."

"मला तीही हवी आहे."

"कशाला?"

थेल्मा कागदाकडे वळली. जोबच्या वर चौकोनांची उतरंड इंग्लंडमधल्या एका खेड्यापर्यंत चढत गेली होती. त्याच्या शेजारच्या चौकोनात फक्त 'मेरी' होतं आणि त्याच्यावर कोरा कागद. ती त्या कोऱ्या जागेवरून तळहात फिरवत राहिली, सुरकुती काढावी तसा.

"मागच्या वर्षी एक जण आला होता," ताउआ म्हणाल्या. "टेपरेकॉर्डर घेऊन. त्याला मी माझ्या कोंबड्यांची वंशावळ सांगितली. खूश होऊन गेला."

टिनीने तोंड वळवून हसू दाबलं.

"मी काही वर्तमानपत्रात छापणार नाही," थेल्मा म्हणाली.

"तुझी आई कोण?"

"माझी आजी जेन. ती माहेरची हॅलेट. जोबच्या मुलाची, विल्यमची मुलगी."

"मी आई विचारली."

"इथेल. इथेल ब्रेडन."

ताउआंच्या सुया थांबल्या. त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं, चष्मा काढला आणि थेल्माकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाल्या, "टिनी, बाहेरची एक पिशवी आण."

अंगणात दोरीवर पिशव्या वाळत होत्या. समुद्रातल्या जाड, चामड्यासारख्या शेवाळाची पाती मधून चिरून, तोंडाने फुगवून टांगलेल्या. एप्रिलमध्ये बेटांवर तीती पक्ष्यांची पिल्लं धरायचे दिवस सुरू होतात, तेव्हा ती खारवून याच पिशव्यांत भरतात. आता बहुतेक लोक प्लॅस्टिकच्या बादल्या नेत. रिपेकांच्या घरात अजून शेवाळच चाले. टिनीने एक तपकिरी, फुगलेली पिशवी आणून टेबलावर, थेट चौकोनांवर ठेवली.

"हे काय, सांग."

थेल्माने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"हे आजीकडे यायचं. जूनमध्ये, रेल्वेने. वरून झाडाची साल बांधलेली असायची. आजी पुढच्या खोलीचे पडदे ओढून घ्यायची आणि आम्हाला हाताने खायला द्यायची. घरभर वास. माझी आई म्हणायची, कपडे बदलल्याशिवाय घरी यायचं नाही."

"कोण पाठवायचं?"

"आजीने एका माओरी मोलकरणीला कधीतरी मदत केली होती म्हणे. ती उपकाराची आठवण म्हणून..." थेल्मा बोलता बोलता हळू झाली.

ताउआंचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, टिनीला पाठ थोपटावी लागली.

"मोलकरीण! टिनी, ऐकलंस का? तुझी आजी मोलकरीण होती! बरं झालं मेली बिचारी, नाहीतर पगार मागितला असता."

"आई, पुरे."

"पुरे कसं? ऐक गं, टोपीवाले. ती माझी आई. विल्यम हॅलेटच्या बहिणीची मुलगी. तुझी आजी जेन तिची मामेबहीण. दोघी एका अंथरुणात झोपून मोठ्या झाल्या. बेटावर भरलेली पहिली पिशवी आम्ही घरात ठेवत नाही. गाव सोडून गेलेल्यांना ती जाते. जेन शहरात गेली, गोऱ्यात लग्न केलं, तरी तिला पिशवी गेली. दर वर्षी."

"आणि आजी वारल्यावर..."

"वारल्यावर इथेलला पाठवली. ती परत आली. उघडलीसुद्धा नव्हती. रेल्वेचं लेबल तसंच." ताउआंचा आवाज आता हसरा नव्हता. "घरात कोणी ती खाईना. माझ्या आईने परसात खड्डा खणला आणि पुरली. जेन गेली तेव्हा रडली नव्हती एवढी त्या दिवशी रडली."

स्वयंपाकघरात शेगडीवरच्या भांड्याचं झाकण थडथडत होतं. टिनीने ते बाजूला सारलं.

"आईला वास चालत नसे," थेल्मा म्हणाली. मग म्हणाली, "वासाचं नव्हतं ते."

"नव्हतं."

थेल्मा उठली. तिने पिशवी दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवली, साखरेचा डबा मूळ जागी ठेवला आणि कागद गुंडाळायला सुरुवात केली. कागद वाकडा गुंडाळला जात होता. तिने तो पुन्हा सरळ केला आणि पुन्हा वाकडाच गुंडाळला.

"त्याची आई आहे का त्यात?" ताउआंनी विचारलं.

"कुणाची?"

"जोबची."

"आहे." थेल्माने गुंडाळी अर्धी सोडली. "सुझॅना. ती हातमोजे शिवायची. तिच्या गावी मी गेले होते, दुकानातून निवृत्त झाले त्या वर्षी. चर्चच्या आवारात तिचा दगड आहे. बरीच म्हातारी होऊन गेली."

"मुलगा जिवंत आहे हे तिला कळलं होतं?"

"नाही. जहाजवाल्यांनी कळवलं असणार की बुडाला. तिने दगडावर त्याचंही नाव घालून घेतलं आहे, खाली. समुद्रात बुडालेला मुलगा जोब, असं. स्वतःच्या नावाखाली जागा ठेवून घेतली होती तिने त्याच्यासाठी."

ताउआंनी विणकाम उचललं, पण सुई टोचली नाही.

"आमच्यात म्हणतात ती वंशावळ," त्या अखेर म्हणाल्या, "ती वरून खाली येते. डोंगर, मग पूर्वज आले ती होडी, मग माणसं. तुझी मेरी म्हणजे हिनेकुरा. तिच्या वर इतकी नावं आहेत की म्हणताना चहा गार होतो. पण तिच्या शेजारी जोब आला की म्हणणारा थांबतो. त्याच्या वर कुणी नाही. जहाजातून उतरलेला, एवढंच. माझी आई तिथे श्वास घ्यायची आणि पुढे जायची. लहानपणी मला वाईट वाटायचं. एवढा मोठा दाढीवाला माणूस आणि त्याला आई नाही."

"तो सांगायचा नाही का कधी?"

"हिनेकुराने विचारलं होतं. म्हणाला, मला कोणी नाही. तिला ते खोटं वाटलं. तो पाव मळायचा ना, तेव्हा उरलेल्या पिठाचा एक छोटा गोळा करून बाजूला ठेवायचा, लेकराला ठेवतात तसा. मुलं नव्हती झाली तेव्हाही. ती म्हणायची, याला कोणीतरी असा गोळा दिलेला आहे." ताउआंनी नाक पुसलं. "काय नाव म्हणालीस?"

"सुझॅना."

"पुन्हा म्हण."

थेल्माने पुन्हा म्हटलं. ताउआंनी डोळे मिटले आणि त्या खालच्या आवाजात म्हणू लागल्या. थेल्माला ती भाषा येत नव्हती, पण नावं एकामागून एक पायऱ्या उतरावीत तशी येत होती हे कळत होतं. हिनेकुरा आली. मग जरा अडखळून, नवखा घास चावावा तशी, सुझॅना आली, आणि तिच्याखाली जोब. पुढे विल्यम. पुढे जेन. ताउआ थांबल्या. टिनीने आईकडे पाहिलं.

"इथेल," ताउआ म्हणाल्या. आणि मग, "थेल्मा."

दारावर टकटक झाली. कॉलिनने डोकं आत घातलं. "मावशी, अजून किती वेळ? ऊन गाडीत मावेना."

"हा कोण?" ताउआंनी विचारलं.

"माझ्या बहिणीचा मुलगा. कॉलिन."

"आणि याला बाहेर उन्हात बसवलंस? घरच्या माणसाला? ये रे, बस. टिनी, त्याला वाढ."

टिनीने भांड्यातून उकडलेला तीती पक्षी आणि बटाटे दोघांनाही वाढले. कॉलिनने ताटाकडे पाहिलं, मग मावशीकडे. थेल्मा हाताने खात होती, तेल मनगटापर्यंत आलं होतं.

"ताउआ," ती म्हणाली, "हिनेकुरा कुठे आहे?"

"ताउआ मी गावाची. तुझी मी मावशी."

"मावशी."

"बेटावर आहे. बोट लागते त्याच्या वर. दगड नाही, काही नाही. ते त्या कागदावर घालायचं नाही. चालत जायचं. एप्रिलमध्ये टिनीची बोट जाईल तेव्हा जा."

"पण त्या दिवसांत तिथे बाहेरच्यांना..."

"बाहेरचं कोण आहे?"

"मी बहात्तर वर्षांची आहे, मावशी."

"मग? नाचायला चाललीयस का? पिसं उपटायला जायचंय. बसून करतात ते."

कॉलिनने एक घास तोंडात टाकला, चावला आणि खिडकीकडे बघत गिळला. "मासा आहे की बदक?" त्याने हळूच विचारलं. टिनी म्हणाली, "तुमचे नातेवाईक आहेत," आणि तो बिचारा क्षणभर खरंच घाबरला.

एप्रिलमध्ये थेल्मा गेली. रिपेका मावशींना बोटीत चढणं जमण्यासारखं नव्हतं. त्या धक्क्यावर गाडीत बसून राहिल्या आणि बोट सुटेपर्यंत टिनीला सूचना देत होत्या. बेटावर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी टिनीने थेल्माला चढणीवर नेलं. जमीन पक्ष्यांच्या बिळांनी आतून पोकळ होती. पाय खचेल म्हणून थेल्मा शेवटचा टप्पा हातांवर आणि गुडघ्यांवर चढली. वर दोन झुडपांमध्ये थोडी मोकळी जागा होती. तिथेही बिळं होती, आणि एका बिळाच्या तोंडाशी ताजं पीस पडलं होतं.

"हीच?"

"हीच. ही बिळं मात्र आम्ही पिल्लांसाठी चाचपत नाही."

थेल्मा खाली बसली. श्वास लागला होता. खाली समुद्र होता, आणि बोटीजवळ कोणीतरी शिव्या देत दोर ओढत होतं.

"इथे दगड लावावा का?" तिने विचारलं. "खर्च मी करीन."

टिनीने जरा विचार केला. "पक्ष्यांना जायला-यायला अडचण होईल."

"हो," थेल्मा म्हणाली. "तेही खरं."

ती बराच वेळ तिथे बसली. मग दोघी उतरल्या, कारण खाली पिसं उपटायला माणसं कमी होती.

रिपेका मावशी त्याच वर्षी, १९८५ च्या जुलै महिन्यात, शेवटची बोट बेटावरून परत आल्यानंतर वारल्या. माओरी रीतीप्रमाणे पुरण्याआधी त्यांना गावच्या सभागृहात ठेवलं होतं ते सगळे दिवस आणि सगळ्या रात्री थेल्मा ब्रेडन काळे कपडे घालून त्यांच्या उशाशी, घरच्या बायकांमध्ये बसून होती.