अक्षता पडंस्तवर

माझा दीर शिवू गेल्या साली माढ्याच्या लग्नानंतर चार माणसांत म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात कॅमेरा दिला की असंच व्हतंय." तवा माझं डोकं जे सणकलं ते अजून थंड झालेलं न्हाय.

मी काशम्मा. मंद्रूपमधी आमचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. माझे मालक, म्हंजी शिवूचा थोरला भाऊ, दोन वर्सामागं वारले. तवापासनं मोठा, म्हंजी स्टेजवरचा कॅमेरा माझ्याकडं, त्याच कंपनीचा दुसरा शिवूकडं. माढ्याला झालं ते असं. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणून बारा पस्तीसला मी बटण दाबलं. पण आमच्याकडं मुहूर्ताला अक्षता कुटं पडत्यात? आधी सत्कार. सरपंच, चेअरमन, माजी चेअरमन, आन् ज्यास्नी चेअरमन व्हायचं हाय ते. एकेकाला फेटा, शाल, नारळ, माईकवर नाव. आमचे कॅमेरे अर्धा तास झाला की आपणहून रेकॉर्डिंग थांबवत्यात. पडद्यावर चित्र दिसतंय, आत काय उतरत न्हाय. मला ते ठावं नव्हतं. मालक कायम तुकड्या-तुकड्यानं शूटिंग करायचे, म्हणून कधी कळलंच न्हाय. नवरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तवा कॅमेरा कवाचा थांबलेला, आन् शिवू आपला कॅमेरा घेऊन पंगतीकडं.

मी शिवूला हे सगळं उलगडून सांगितलं. तो म्हणाला, "असं आपणहून कुटं थांबतंय व्हय? तुमीच बटण दाबलं असंल."

मग ह्या मे महिन्यात गावातल्या भीमाशंकर अण्णांच्या लेकीचं, सिद्धेश्वरीचं लगीन ठरलं. शिवू त्यांच्या ओसरीवर बसून म्हणाला, "वैनी, ह्या बारीला अक्षता राहिल्या तर मोठा कॅमेरा माझ्याकडं, आन् तुमी घर बघायचं." मी म्हणलं, "कबूल. लिहून देऊ का?" तोंडातनं निघून गेलं खरं, पण कॅमेरा सुटला तर मी करू काय? मला दुसरं काय येत न्हाय, आन् खरं सांगायचं तर दुसरं काय आवडतबी न्हाय.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत घातला, स्कूटी काढली आन् सोलापुरात नवी पेठेतलं कॅमेऱ्याचं दुकान गाठलं. दुकानदार दिग्विजय म्हणून, पोरगेलाच व्हता.

"मोठं कार्ड घेऊन टाका की, ताई."

"कार्ड घराएवढं मोठं घेतलं तरी कॅमेरा अर्ध्या तासानं थांबणारच. मला ते वेगळं रेकॉर्डर दाव. कॅमेऱ्यावर बसवायचं, वायर जोडायची, कॅमेरा नुसतं चित्र देतोय आन् हे आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतंय, तसलं."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "चालवणार कोण?"

"तुझी आजी," मी म्हणलं. "दाव की."

त्यानं दोन काढली. एक पातळ, गुळगुळीत, ह्या एवढ्या पडद्याचं. "सगळे हेच नेतात." दुसरं जाड, काळं, मागं पंखा. मी आधी विचारलं, आत गरगर फिरणारी डिस्क हाय का? डीजे लागला की स्टेज हादरतंय, फिरणारी डिस्क मधीच दगा देती. तो म्हणाला, "नाही ताई, दोन्हीत न फिरणारीच आहे." आता तो जरा सरळ बसला.

"मग हे पातळ भायेर उन्हात लावून बघते."

"उन्हात? ताई, असं कुणी तपासत नाही."

"म्हणूनच सगळ्यांच्या अक्षता राहत्यात. आमचं लगीन काय तुझ्या एसीत लागणार हाय?"

स्कूटीच्या सीटवर कॅमेरा ठेवला, रेकॉर्डर जोडलं, आन् मी डोक्यावर पदर घेऊन शेजारी हुबारले. येणारे-जाणारे बघाय लागले. बघू देत. दिग्विजय दारात येऊन येऊन घड्याळ बघायचा. अडतिसाव्या मिनिटाला पातळ रेकॉर्डरचा पडदा काळा पडला. हात लावला तर तव्यावानी तापलेलं.

जाड रेकॉर्डर लावलं. अर्धा तास झाला, तास झाला, दीड तास झाला. माझा घसा कोरडा पडला, दिग्विजयनं आपणहून पाणी आणून दिलं. रेकॉर्डर चालूच. "पण पंख्याचा आवाज येतो हं," तो म्हणाला.

"हलगी वाजत असताना पंख्याला कोण विचारतंय?" मी म्हणलं. "हेच बांध."

लग्नाच्या दिवशी बारा दहाचा मुहूर्त. शिवूनं बरोब्बर बारा दहाला बटण दाबलं, मीबी रेकॉर्डर चालू केलं. मी त्याला म्हणलं, "अर्ध्या तासानं बघ रं, थांबंल." तो म्हणाला, "तुमी तुमचं बघा." बरं बाबा. सत्कार सुरू झाले. एक कार्यकर्ता मला म्हणाला, "बाई, खाली उतरा, साहेबांचा सत्कार हाय, मधी दिसताय." मी म्हणलं, "साहेब जरा डाव्या अंगाला सरकतील. अक्षता पडंस्तवर मी हितनं हलायची न्हाय." तो बोलायचा तितकं बोलला आन् गेला. शिवूच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा कधी गेला ते मी बघितलं. एकदा सांगून झालं व्हतं, आता काय पाय धरू?

पंचाहत्तराव्या मिनिटाला माईकवरून नावं संपली. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या. सिद्धेश्वरी हसत व्हती, आन् अण्णा तोंड फिरवून उपरण्यानं डोळं पुसत व्हते. सगळं उतरलं. माझ्याबी डोळ्याला पाणी आलं, पण हात हलू दिला न्हाय.

पंगत बसली तवा शिवू माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं. त्याच्या कॅमेऱ्यात शेवटचं चित्र माजी चेअरमनच्या फेट्याचं. त्यानं हळूच विचारलं, "वैनी, तुमचं आलंय का?" अण्णाबी मागं येऊन हुबारले. मी रेकॉर्डरवर अक्षता लावून दावल्या. अण्णांनी दोनदा बघितल्या. "काशम्मा, माझ्या लेकीचं लगीन तू राखलंस," एवढंच म्हणाले आन् पंगतीकडं गेले.

शिवू रेकॉर्डरला हात लावून म्हणाला, "चला, अब्रू वाचली. यंत्र भारी हाय, वैनी. पुढच्या रविवारी केम गावचं लगीन मी मोठ्या कॅमेऱ्यावर करतो. हे मला द्या, मी शिकून घेतो."

बघा, चूक झाली तवा बाई, आन् जमलं तवा यंत्र. मी रेकॉर्डर कॅमेऱ्यावरनं काढलं, पिशवीत ठेवलं, पिशवी खांद्याला लावली.

"केमला मोठ्या कॅमेऱ्यावर मीच. तुझ्या भावासंगं अठरा वर्सं मी लाइट धरून हुबारले, शिवू. हात भरून यायचे, कुणी विचारलं न्हाय. केमला लाइट तू धरायचा."

"मी?"

"व्हय. उंच धरायचा, आन् सत्कार संपंस्तवर खाली आणायचा न्हाय."

त्यानं आपला कॅमेरा खुर्चीवर ठेवला. मग स्टेजवर चढला आन् लाइटची वायर गुंडाळाय लागला.