चपलेचं रबर

"गुरुजी, हे रबर कुठून आणले? एकदम बराबर बसलेत," मुझफ्फर मेकॅनिक गाडीखाली वाकून म्हणाला.

"जालन्याहून मागवले," मी म्हणालो. खोटं बोलायची काहीएक गरज नव्हती. पण मास्तर निवृत्त झाला की कौतुकाला हपापतो, त्याला काय करणार.

माझी गाडी अठरा वर्षांची. जॅक लावायच्या जागी खाली रबरी गुटके, म्हणजे ठोकळे, असतात, ते कधीच गळून पडले होते. परतूरच्या दुकानदारानं "आता न्हाई येत ते" म्हणून हात वर केले. मग मी घरातल्या जुन्या चपलांचे तळवे कापले, एकावर एक चिकटवले आणि वरून काळा रंग दिला. आष्टीच्या शाळेत तीस वर्षं पोरांना 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवलं होतं, हात शिवशिवतातच.

मुझफ्फरनं जॅक लावून मागचं चाक काढलं. एरवी आधाराला लोखंडी घोडी लावल्याशिवाय तो खाली जात नाही, पण घोडी दुसऱ्या गाडीखाली अडकली होती. "दोन मिनिटाचं काम हाये, एकच नट आवळायचाय. रबर नवे हायेत, भेव न्हाई," म्हणत तो पाठीवर सरकत आत गेला. बाहेर फक्त पाय राहिले.

तेवढ्यात मला दिसलं, चपलेचा वरचा थर वजनानं बाजूला सरकत होता. अगदी सावकाश. डिंकाचे धागे ताणले गेले होते.

हाक मारायला तोंड उघडलं. खरं सांगतो, त्या क्षणीही मनात आलं, गुरुजी खोटारडा निघाला हे गावभर होईल. माणूस मरणाच्या दारात आणि मला माझ्या अब्रूची पडलेली.

"मुझफ्फर, बाहेर ये."

"झालंच, गुरुजी. दोन आटे राह्यले."

"ते रबर न्हाई. चपला हायेत. मी चिकटवल्यात. ये बाबा बाहेर."

पान्याची खटखट थांबली. टाचा रोवून तो सरकू लागला. पोट आलं, छाती आली, शेवटी हनुवटी. तो उठून बसतो न बसतो तोच गाडी घसरून खाली आदळली. फरशीचा टवका उडाला.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. चार शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो स्वतः निजला होता त्या जागेकडे बघत राहिला. मग हात पुसून त्यानं फोन काढला. नंबर लावताना दोनदा चुकला. मी लावून देऊ का, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

"आसिफा," तो बायकोला म्हणाला, "क्या कर रई? न्हाई, काम कुछ न्हाई. तू बोल, मैं सुन रा."

पलीकडून ती बोलू लागली, भाजीबद्दल असावं. तो नुसता हूं हूं करत ऐकत होता आणि मी जायचं की थांबायचं हे न कळून तिथंच उभा होतो.