आजींच्या दुखण्याची वही

मी एक जुनी दुरेघी वही आहे. मला आणलं होतं एका छोट्या मुलीचं अक्षर सुधारायला. नशिबी आलं तिच्या आजीचं दुखणं.

मित्रांनो, आजींच्या चेहऱ्याची नस बिघडली होती. घास चावला, नुसता वारा लागला, तरी उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. औषधांनी गुंगी तेवढी येई. डॉक्टर म्हणाले, "सुईतून उष्णता देऊन ती नस शांत करता येते. पण विमा कंपनीची अट आहे. तीन महिने औषध घेऊनही दुखणं थांबलं नाही, हे रोजच्या नोंदीत दिसायला हवं."

सूनबाईंनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आजी रोज लिहीत. "आज बरं आहे." "आज ठीक." "फारसं नाही." त्यांची पेन्सिल मध्येच थांबायची. मला सगळं कळत होतं, पण वहीला कुठलं आलंय तोंड!

तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं: 'नोंदींनुसार औषधाने आराम आहे. उपचार नामंजूर.'

सूनबाई माझी पानं उलटत राहिल्या. "आई, नव्वद दिवस बरं? मग घास गिळताना डोळे का मिटता?"

"अगं, पोरगी नुकती वाचायला लागलीय. दिसेल ते मोठ्यानं वाचते. तिच्यापुढे काय लिहू, आजीला सोसवत नाही म्हणून?"

"मग मला तरी सांगायचं!"

"तुझ्या जिवाला आधीच काय कमी घोर आहेत?"

 सूनबाईंनी मला उचललं आणि आजींच्या कपाटात, साड्यांखाली ठेवलं.

मग माझ्यात खरं उतरू लागलं. "सात वेळा कळ. दात घासता आले नाहीत." "नातीनं पापा घेतला. मी किंचाळले. ती पळून गेली." हे लिहिताना पेन्सिलीचं टोक माझ्या पानातून आरपार गेलं.

आणखी तीन महिन्यांनी माझ्या नोंदी पुन्हा कंपनीकडे गेल्या आणि या वेळी उपचार मंजूर झाला. आजी आता सावकाश का होईना, चावून जेवतात. मी कपाटातच असते. कोणी उघडत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण मित्रांनो, ते जास्तीचे तीन महिने आजींनी उगाच सोसले. ते कोणी परत देणार नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांना "कसं वाटतंय?" असं जरूर विचारा. आणि उत्तर मिळालं तरी लगेच उठून जाऊ नका. खरं उत्तर यायला थोडा वेळ लागतो.