पश्चिमेची वाट

छ्यू देशानने खडूने जमिनीवर गोल काढला, पश्चिमेला वीतभर फट ठेवली आणि मान वर केली. समोर भिंत.

"आता का थांबलास?" शेजारच्या फान म्हातारीने विचारलं.

"वहिनी, फट भिंतीत जातेय."

चिनी पंचांगातल्या दहाव्या महिन्याची पहिली तिथी, गेलेल्या माणसांना थंडीचे कपडे पाठवायचा दिवस. कागदी कपडे चव्हाट्यावर जाळायचे आणि गोलाची फट कबरीकडे ठेवायची. त्याच्या बायकोची, सूश्याची कबर पश्चिमेच्या टेकडीवर होती. पण शहर वाढत आलं, अर्धं गाव पाडलं गेलं आणि उन्हाळ्यात नव्या वसाहतीच्या भिंतीने पश्चिमेची वाट गिळली. चव्हाट्याला तीनच वाटा उरल्या.

"मोठ्या चौकात जाऊन जाळ की."

"त्या आठ पदरी रस्त्यात? कपड्यांआधी मीच पोचेन तिच्याकडे."

"मग इथंच पेटव. तुझी बाई काय वाट चुकणारेय?"

"सूश्या? भाजी आणायला गेली की शेजारच्या गल्लीत शिरायची. वर मलाच विचारायची, घर कोणी हलवलं म्हणून."

फान हसली. देशानला हसू आलं नाही. तिच्याविना हा पहिलाच हिवाळा. थंडीत तिचे गुडघे धरायचे, म्हणून कागदी विजारीच्या गुडघ्यांत त्याने स्वतः जास्तीचा कापूस भरला होता.

तो घरी गेला आणि घण घेऊन आला.

दोन-चार विटा निखळल्या तोच पलीकडून पहारेकरी धावत आला. "आजोबा! वेड लागलं का? भिंत कंपनीची आहे!"

"आणि वाट कोणाची होती?"

"गेटपाशी पिंप ठेवलंय, त्यात जाळा ना!"

"पिंपातून वाट कुठं जाते रे?"

"पोलिसांना बोलावतो."

"बोलाव. त्यांनाही वळसाच पडेल."

फान पदपथावर बसून खिदळत होती. पहारेकऱ्याने खरंच फोन लावला. देशानचा घण थांबला नाही. माणूस जाईल एवढं भगदाड पडलं, तेव्हा कुठे त्याने घाम पुसला.

"उद्या परत बांधतील," पहारेकरी म्हणाला.

"बांधू देत. घण माझ्याच घरी असतो."

त्याने आधी थोडे कागद गोलाबाहेर जाळले. ते बेवारस भुतांसाठी, म्हणजे ती सूश्याच्या कपड्यांना हात लावणार नाहीत. मग कोट पेटवला, मग विजार. कापूस धुमसत राहिला.

"सूश्या, ये गं," तो मोठ्याने म्हणाला. "कुठं वळू नकोस. सरळ ये."

पहारेकऱ्याने फोन खाली घेतला.

भगदाडापलीकडे एक बाई येऊन उभी राहिली. हातात कांद्याच्या पातीची जुडी होती. तिने आधी जाळाकडे पाहिलं, मग विटांकडे.

"इथून बाजारात जाता येतं का?"

"नाही," पहारेकरी म्हणाला.

"येतं," देशान म्हणाला आणि पायाने विटा बाजूला सारू लागला.